दोन जानेवारी, नववी ब

मनपा शाळा, विश्रांतवाडी, पुणे. पटावर त्रेपन्न,
हजर एकेचाळीस.
पुस्तकात त्या लढाईला दीड ओळ.
मी म्हटलं, काल घरी काय झालं ते लिहा.

सम्यक ओव्हाळनं लिहिलं : आम्ही पहाटे चारला निघालो.
आजी पांढरं लुगडं नेसली. भीमेकाठी, स्तंभापाशी
ती काही बोलली नाही, फक्त चप्पल काढली.

मृण्मयी गोळेनं लिहिलं : बाबांनी दुकान बंद ठेवलं.
काच मागच्या वेळची, अजून चिकटपट्टी लावलेली.
आम्ही टीव्हीचा आवाज कमी ठेवला.

"वह्या बदला. आता मोठ्यानं वाचा."

मृण्मयी पहिल्याच शब्दाला अडखळली.
"बाई, 'आम्ही' म्हणू, की 'ते'?"
"लिहिलंय तसं."
सम्यकनं 'चिकटपट्टी' दोनदा वाचलं,
मग मान वर न करता : कुठली काच गं?

मागच्या बाकावरून कुणीतरी :
बाई, पण खरं कुणाचं?
खडू हातात होता. फळ्यावर तारीख होती.
मला नक्की ठाऊक होतं ते तेवढंच.

तास संपता संपता हेडसरांचा निरोप :
कुणाचे तरी पालक आलेत.
कुणाचे, ते शिपायानं सांगितलं नाही.
मी दोन्ही वह्या घेतल्या.