शिडी नंबर सतरा

ग्रेंज हॉलमध्ये दीडशे खुर्च्या, तरी लोक भिंतीला टेकून उभे.
बाहेर ऑक्टोबर. सफरचंदं निम्मी उतरलेली, निम्मी झाडावर.
हे वॉशिंग्टन राज्य; राजधानीचं वॉशिंग्टन देशाच्या दुसऱ्या टोकाला.
तिकडून आलेला एक तरुण पहिल्या रांगेत लिहून घेतोय.
सिनेटरसाहेबांना जमलं नाही.

प्रत्येकी तीन मिनिटं.
टेबलावर दिवा: हिरवा, पिवळा, लाल.
ज्याला माझी गरज, त्याची दीडच;
उरलेली दीड माझ्या तोंडात जातात.

ड्वेन ऑस्टरगार्ड उठला. टोपी काढली, पुन्हा घातली.
"मागच्या साली चाळीस एकर झाडावर सडलं.
गावातली पोरं एक दिवस येतात,
जेवणाच्या सुट्टीनंतर दिसत नाहीत.
मला माणसं द्या. कागद म्हणाल तेवढे भरतो.
प्रवास देतो, खोल्या देतो, अजून काय देऊ?"
लाल.

डॉटी प्रुइट, पॅकिंग शेडमध्ये एकोणीस वर्षं:
"पगार वाढव, ड्वेन, मग बघ येतात का नाही.
मला त्या पोरांचा राग नाही.
त्यांना 'घरी जा' म्हणता येतं,
म्हणून तुम्हाला ती आवडतात."
कुणीतरी टाळी वाजवली. टाळी एकटीच पडली.

तरुण म्हणाला, नव्या विधेयकात पाहुण्या कामगारांसाठी कलम आहे.
दहा महिने. मग परत. मग पुन्हा अर्ज.
'पाहुणे' त्यानं सात वेळा म्हटलं.
मोजणं माझं काम नाही, पण मोजलं.

पाहुणा म्हणजे ज्याला आधी पाणी विचारतात.
ज्याच्यासाठी घरचे पलंग सोडून खाली झोपतात.
एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई,
तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई,
आणि यांचा तर अकरावा हंगाम.
सोळा जणांत दोन शेगड्या.
साप घरमालकाचा, काठी पाहुण्याची.

माझ्या स्पॅनिशमध्ये शब्द आहे: उएस्पेद.
जुन्या बोलीत तो दोघांनाही चाले,
येणाऱ्याला, आणि दार उघडणाऱ्यालाही.
मी तोच वापरला. सातही वेळा.
मागच्या रांगांत कुणी हसलं नाही.

दाराजवळच्या खुर्चीत माझी आई.
बावीस वर्षं. कुठल्याच कलमात बसत नाही:
पाहुणी नाही, कारण कुणी बोलावलं नव्हतं;
घरची नाही, कारण तसा कागद नाही.
खुर्ची तिनं अशी निवडलीय
की दार उघडलं की तिच्यावर पडदा होतो.

मग नाव पुकारलं: एलेउतेरियो क्वात्लापान्त्सी.
अध्यक्ष तीनदा अडखळले.
मी तयार होते. मजुरी, थकबाकी,
एकाच मालकाला बांधलेला व्हिसा,
मुलीचं लग्न फोनवर बघणं,
सगळे शब्द जिभेच्या टोकावर मांडून ठेवलेले.
त्याच्या मागच्याच रांगेत ऑस्टरगार्ड.
पुढच्या वर्षी कुणाला बोलवायचं ती यादी
ऑस्टरगार्डच्या खिशात, किंवा नुसतीच डोक्यात.

एलेउतेरियो म्हणाला:
"शिडी नंबर सतरा. खालून सातवी पायरी हलते.
मी तारेनं बांधलीय.
मी नसलो तर दुसऱ्याला माहीत असावं."
आणि बसला.

एका दमात भाषांतर झालं.
दिवा हिरवाच.
दोन मिनिटं उरली होती,
नियमाप्रमाणे त्याचीच; कुणाला देता येईनात.
तरुणानं 'शिडी' लिहिलं,
मग पेन तसंच हवेत धरून राहिला.

"ती तर मी गेल्याच वर्षी फेकून द्यायला सांगितली होती,"
ड्वेन बसल्या जागेवरून म्हणाला.
"कुणाला?" डॉटीनं विचारलं.

हे दोघं आता यादीत नव्हते.
त्यांचं बोलणं माझ्या कामात धरत नाहीत.
एलेउतेरियो माझ्या तोंडाकडे बघत होता.
मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

पिवळा.