तिसरी बाटली

टिपणीस बाईंनी पहिल्याच दिवशी
आमची जर्नलं कपाटात कोंडली,
वरच्या वर्गाकडून वारशाने आलेली,
ज्यांत दर प्रयोगाचं उत्तर
प्रयोगाआधीच सुबक अक्षरात हजर.

म्हणाल्या, विश्वामित्रीचं पाणी आणा,
तीन पूल, तीन बाटल्या.
त्यात प्राणवायू किती, एवढंच सांगा.
जुझरने विचारलं, किती यायला हवा?
बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
मला काय माहीत.

अख्ख्या बडोद्यात तेव्हा
आमच्या प्रयोगशाळेइतकी शांत जागा नसेल.

मग ब्युरेट. थेंब. थेंब.
स्टार्चची ती निळाई, दौतीसारखी दाट,
आणि एका थेंबाने, एकाच,
सगळं असं नितळ होतं
की आधी कुणी काही बोललंच नव्हतं.

पहिली, एक पूर्णांक चार.
दुसरी, एक पूर्णांक एक.
काळ्या घोड्याच्या पुलाखालची तिसरी,
पाच पूर्णांक दोन.

खोडरबर माझ्या हातात होतंच.
शाळेपासूनची सवय, न मिळणाऱ्या आकड्याला
समजूत घालून रांगेत उभं करायची.

बाई पाठीमागे उभ्या.
खोडायचं नाही. चुकलंच असेल तर एक रेघ मारा,
खालचं वाचता आलं पाहिजे,
बाजूला तारीख, वेळ आणि सही.
आडनावाला जागतात, जुझर पुटपुटला.

बुडबुडा शिरला असणार, हेही तोच म्हणाला.
म्हणून शनिवारी भर दुपारी परत पुलावर,
दोरीने बाटली सोडली, वीतवीतभर, अगदी हलके.
खाली गाळात एक मगर आडवी.
तिला आमच्या प्रश्नाशी
काही देणंघेणं नव्हतं.
बूच लावून बाटली उलटी करून पाहिली.
बुडबुडा नव्हता.
चार पूर्णांक नऊ.

आता बाई सांगतील, असं वाटलं.
त्यांनीच विचारलं,
पाणी हिरवट होतं का? ऊन कुठवर आलं होतं?
आम्ही दोघं एकमेकांकडे.
मगर पाहिली होती.
पाणी पाहायचं राहून गेलं.

रात्री दांडिया बाजारात
दुकानाची वही मिटता मिटता
बाबा म्हणाले, काय शोध लागला?
एक आकडा जुळत नाही, मी म्हटलं.
त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या धंद्यात
न जुळणं म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून.
दिवा जवळ ओढून म्हणाले, आण, बघू.

वहीत त्यांना सापडली
एक रेघ, एक सही,
आणि पेन्सिलीने लिहिलेलं, हिरवट?

उद्या साडेपाचला, ऊन यायच्या आधी,
जुझर बाटल्या विसळून आणतोय.