तिरकी कड

सयाजीगंजात आमचा स्टुडिओ, बाबांच्या वेळचा.
पासपोर्ट, आठ प्रती, साठ रुपये, दहा मिनिटं थांबा.
हात सवयीनं चालतो:
मागची भिंत पांढरी, कॉलरची सुरकुती गायब,
आणि चेहरा थोडा वर.
कुणी सांगत नाही. कुणी नको म्हणत नाही.

तादाला म्हणाली, नको.
मलावीची पोर, फार्मसीचं दुसरं वर्ष.
स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाली,
ही कोण?
मी म्हटलं, व्हिसाला बरं दिसतं.
ती शब्द शोधत राहिली, मग म्हणाली,
ताई, मी धुऊन घ्यायला नाही आले.

कर्सर मागे ओढला.
एक घर, दोन घरं, मग मूळचा रंग,
कपाळावर ट्यूबलाइटची रेघ, होती तशी.
त्याच कम्प्युटरात कुठंतरी माझी फाइल आहे,
स्थळांना पाठवलेली. तीत मी निमगोरी.
आईनं तोच फोटो फ्रेम करून लावलाय
आणि मला अजून तिला विचारता आलेलं नाही,
ही कोण.

जुलैत किझितोला मारलं.
वाघोडिया रोडला खोली बघायला गेला होता;
फोनवर रिकामी होती, दारात भरली.
त्यानं पुन्हा एकदा विचारलं, एवढंच.
तादालानं फोटो आणला: डोळा मिटलेला, टाके सात.
चाळीस प्रती. किती झाले?
मी पैसे घेतले. कागदापुरतेच,
पण घेतले.

संध्याकाळी काळ्या घोड्यापाशी ते उभे राहिले,
चोवीस जण. आणि लांब, पाणीपुरीच्या गाडीआड, मी.
घोडा काळा आहे याची या शहराला
कधी अडचण झाली नाही.
समोर बाग. तिथल्या वडाखाली
आजोबा न्यायचे, चपला काढायला लावायचे:
इथं बसून रडला तो. एवढा शिकलेला माणूस,
या गावात त्याला खोली नव्हती.
नाव सांगावं लागायचं नाही,
आमच्या घरात त्याच नावानं सकाळ होते.

गाडीवाला म्हणाला, बेन, तिखी के मीठी?
मी काहीच न खाता निघाले,
ढिगातला एक फोटो उचलला.
पंचविसावी.

महिन्यानं तादालानं फोन पुढे केला.
ब्राझीलचं कुठलंसं बंदर, चढाचा रस्ता,
एक म्हातारी, हातात किझितो.
इथून कुणी फोटोचा फोटो पाठवला असणार,
कारण उजवी कड तिरकी होती.
आमच्या कटरचं पातं दिवाळीपासून वाकडं आहे.

सोबत तिचा नातू आला होता, छापायला.
पोलिसांची गोळी, सतरा वर्षं, शाळेचा गणवेश.
नाव? तादालालाही म्हणता येईना.
मग म्हातारीचा आवाज लावला, तीनदा.
झुआंव.
नाकातून सुटतं शेवटी,
आपल्या जुन्या अनुस्वारासारखं.

मशीननं विचारलं, चेहरा आपोआप उजळू?
बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली होती.
थांबू दिली.