मांगोर हिल, दुसरा मजला

घुग्घुसहून निघताना आईनं जवसाची चटणी दिली बरणीभर,
आणि जुन्या पेपरात गुंडाळून लोखंडी तवा.
दोन गाड्या बदलल्या. एका फलाटावर
तव्यालाच उशी करून झोपले.
वास्कोला जाग आली ती हमालाच्या आवाजानं :
उठा बाई, गाडी संपली.

पहिल्या आठवड्यात मीठ पाझरलं,
पापड चिंध्यांसारखे मऊ झाले,
दोरीवरची ओढणी तीन दिवस ओलीच.
आमच्याकडं सत्तेचाळीस अंशात
कपडा टाकून पाठ फिरवली की वाळतो.
इथं तेहतीसला पाठीतून धार,
आणि शेजारी म्हणतात, आज बरी हवा आहे.

घरमालकीण इर्मिना बाय. तिनं विचारलं,
‘खंयचें गो तूं? घांटी?’
म्हटलं, आमच्या जिल्ह्यात घाट नाही हो,
सपाट आहे सगळं.
डोंगर आहेत ते कंपनीनं केलेले,
खाणीतून उपसलेल्या मातीचे,
वर बाभळी उगवलेल्या.
लहानपणी आम्ही त्यालाच हिल स्टेशन म्हणायचो.
तिनं शांतपणे ऐकून घेतलं.
मग म्हणाली, ‘म्हणजे घांटीच.’

काम एक्स-रेच्या खोलीत.
कोकणीतलं पहिलं वाक्य मी तिथं शिकले,
बाजारहाटाच्याही आधी :
उस्वास घे. धरून दवर. सोड.
दिवसाला चाळीस वेळा म्हणते.
खारीवाड्याचे मासेमार छाती काचेला लावतात,
गोदीतले ओडिया पोरगे,
हार घातलेल्या फोटोसारख्या ताठ बसणाऱ्या म्हाताऱ्या.
धरून दवर म्हणताना
माझाही श्वास थांबतो. अजून सवय गेलेली नाही.

दुपारी एक ते चार शहर शटर ओढून घेतं.
सुरुवातीला मी त्या वेळात सुई-दोरा शोधत हिंडले,
कुत्री सोडून कुणी भेटलं नाही.
आता मीही आडवी होते,
झोप येत नाही, पण पडून राहायला शिकले.
पाववाल्याचा भोंगा वाजला की उठायचं.
पाव जवसाच्या चटणीबरोबर चांगला लागतो,
हे इथं कुणाला सांगून उपयोग नाही,
आणि तिकडं सांगितलं तर आई रडेल.

खिडकीचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
सकाळी कठड्यावरून बोट फिरवलं :
काळं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
बोट नाकाशी नेलं आणि क्षणभर
बाबांचा शर्ट,
दुसऱ्या पाळीवरून आल्यावर खुंटीला लावलेला.
देश ओलांडून आले म्हणे मी!
ते माझ्या आधी पोचलं होतं, बोटीनं.

‘हो कोळसो घाटार वता,’ इर्मिना बाय म्हणाली,
‘तुमच्यांक. धूळ आमकां.’
मी काही बोलले नाही. आमचा कोळसाही
कुठं कुठं जायचा, दिवे लागायचे तिथले,
आम्ही फक्त अंगण दोनदा झाडायचो.
ती अंगणातल्या क्रोटनची पानं पुसत होती,
एकेक, ओल्या फडक्यानं,
लेकराचं तोंड पुसावं तशी.
मी वरून माझा जुना टॉवेल घेऊन आले
आणि दुसऱ्या टोकानं सुरू केलं.
मधल्या एका पानावर दोघींचे हात आले.
तिनं ते माझ्याकडं सोडलं.
‘जेवलें गो?’

संध्याकाळी आईचा फोन.
गेलीस का समुद्रावर? म्हटलं, जाईन गं,
दिसतो गच्चीतून, क्रेनच्या मधल्या फटीत.
मागून बाबांचा खोकला,
तो थांबेपर्यंत आम्ही दोघी गप्प.
मग ती म्हणाली, तिकडची हवा तरी
चांगली असेल ना वं?

टॉवेल बादलीत भिजत पडला होता,
पाणी शाईसारखं.
धरून ठेवलं थोडा वेळ.
हो, म्हटलं. खारी आहे.