लोहचुंबक

एकतीस वर्षं विजेच्या खांबावर काढली,
म्हणून मला वायरी कळतात.
इचलकरंजीच्या फडतऱ्यानं
पांढरीशुभ्र मोटारहोम दाखवली तेव्हा
मी फक्त वायरीच तपासल्या.
माणूस जे येतं तेवढंच तपासतो,
जे येत नाही
त्यावर विश्वास ठेवतो.

वायरी चांगल्या होत्या.

आत उदबत्तीचा वास.
शालन म्हणाली, देवभोळी माणसं दिसतात.
नवा सनमायका, नवे पडदे, घडीचा पलंग,
वीतभर ओटा, त्यावर दोन बर्नरची शेगडी.
‘डॉक्टरांची गाडी, साहेब. एकहाती.
वर्षातनं दोनदा गोवा, बाकी शेडमध्ये.’
फंडाच्या पैशातनं इसार दिला
आणि परतताना हातकणंगले यायच्या आत
आम्ही दोघं लडाखला पोचलो होतो.

उद्यमनगरात बाबालाल मिस्त्रीनं
चहा संपेपर्यंत गाडीकडं बघितलंच नाही.
मग फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेतलं
आणि छाती तपासावी तसं
पत्र्यावरनं फिरवत निघाला.
चिकटलं. चिकटलं.
खिडकीखाली सुटून पडलं.
चाकावर पडलं.
मागच्या कोपऱ्यात तर धरलंच नाही.
‘पत्रा कुठाय ह्यात, काका?
नुसती पुट्टी हाय. मेकप करून उभी केलीया.’

सनमायका उचकटला तसं
प्लायवूड चहात बुडलेल्या खारीसारखं
हातात आलं.
छताच्या सांध्यातनं कित्येक पावसाळे
गुपचूप उतरून तिथं राहायला होते.
उदबत्ती कुणासाठी लावलेली
ते तेव्हा कळलं.

पांढऱ्याखाली पिवळा रंग निघाला,
पिवळ्याखाली निळा,
निळ्याखाली परत पांढरा,
त्यावर लाल अक्षरं, निम्मी खरवडलेली:
‘...ग्णवाहिका’.
म्हणजे डॉक्टरांची होती, हे खरंच होतं.
फडतरे अगदीच खोटं बोलला नव्हता.

टायरची नक्षी ताजी, जन्मसाल जुनं.
कागदावर एका पतसंस्थेचा बोजा,
आणि पतसंस्था बुडून आठ वर्षं झालेली.
बुडालेल्याची ना हरकत कोण देणार?
अवसायकाच्या बाकावर बसून
मी तीन चपला झिजवल्या.
बाबालाल म्हणायचा, पार्ट बंद झालेत, काका.
कंपनीच बंद झाली.
मग भट्टीवाल्या सुताराकडं ओतायला द्यायचा,
लेथवर शिकलगाराकडनं कातून आणायचा
आणि ठोकता ठोकता म्हणायचा,
‘कंपनी बंद असू दे. उद्यमनगर चालू हाय.’

खर्च मी डायरीत लिहायचो.
एक लाख साठ हजारावर पेन हरवलं.
मी शोधलं नाही, शालननं विचारलं नाही.

तेरा महिन्यांनी पहिली सफर, पन्हाळा.
वाघबीळच्या चढाला इंजिन उकळलं.
बॉनेट उघडून थांबलो.
शालननं शेगडी पेटवली,
ती मात्र पहिल्या काडीला लागली.
दार उघडं, खाली उसाचे फड,
लांब कुठंतरी गुऱ्हाळाचा धूर.
‘तुमचं लडाख,’ म्हणाली, ‘साखर किती घालू?’

तेवढ्यात बुलेटवरनं एक पोरगा थांबला.
‘काका, नाद खुळा गाडी! इकणार काय?’

माझा तळहात आपसूक
खिडकीखालच्या जागेवर गेला
आणि जिभेवर आलं,
घरचीच गाडी आहे, एकहाती.
शालन कपात चहा ओतत होती.
ती माझ्याकडं बघत नव्हती,
पण ओतायची थांबली होती.

मी खिशातलं लोहचुंबक काढून
पोराच्या हातावर ठेवलं.
म्हटलं, फिरव.
खिडकीखाली धरलं, तिथं आता पत्रा आहे.
चाकावर धरलं.
मागच्या कोपऱ्यात घट्ट बसलं.
माझी मान जराशी ताठ झाली.

मग दाराच्या वर,
जिथं बाबालालनं कधी हात लावला नव्हता
आणि मीही नाही,
तिथनं ते सुटलं
आणि घरंगळत
शालनच्या पायाशी गेलं.