भंगाळे सरांचा ळ

नेमणुकीच्या पत्रावर माझं नाव होतं भंगाळे,
शाळेचं गाव तळवली.
फैजपूरहून आलो, घणसोली स्टेशनबाहेर
रिक्षावाल्याला म्हटलं, "तयवलीला सोडशील?"
तो म्हणाला, "असा गाव नाय इकरं. तलवली हाय."
मग आम्ही दोघांनी मिळून
नाक्यावरच्या पाटीवर तो ळ पाहिला:
आडवा झोपलेला आठ,
सरकारी खर्चानं रंगवलेला,
आणि आमच्या दोघांतही त्याला हाक मारणारं कुणी नाही.

हातातून मला ळ येतो.
खडू धरला की फळ्यावर उतरतो, गोल, देखणा,
एकमेकांना चिकटलेल्या दोन पेढ्यांसारखा.
तोंडातून निघताना तेवढी वाट चुकतो.
मुख्याध्यापिका करंदीकर बाई, डोंबिवलीच्या,
चहात बिस्कीट बुडवत समजावतात,
"जीभ मागे वळवा, भंगाळे. टाळूला टेकवा."
"वयवली, बाई."
बिस्कीट कपात पडतं.

दोन वर्षं आरशापुढे, गालाला साबण तसाच,
शिकलो एकदाचा.
आता वर्गात बोलतो इस्त्रीचं.
फक्त राग आला की इस्त्री मोडते.
"गोंधळ करू नका" म्हणून घसा सुकला
तरी चौथी ब ढिम्म.
"गोंधय बंद!" म्हटलं
की टाचणी पडलेली ऐकू येते.
जयेंद्र मढवी नव्या पोरांना आधीच सांगून ठेवतो,
"सरांचा ळ परला ना, का समजायचा, आता आपली वाट."

हाच जयेंद्र.
"सर, यानी माझी वही फारली."
"फाडली."
"हां, मंग तेच सांगतोय, फारली."

मागच्या बाकावर सानिका शेलार, जावळीची,
बाप मसाला मार्केटात माथाडी.
तिचा ळ असा ठणठणीत
की त्यावर मिरचीची पोती रचावीत.
मला हेवा वाटतो, तिला सांगत नाही.

परवा श्रुतलेखन घेतलं.
पहिलं वाक्य: समस्येचे मूळ शोधा.
अर्ध्या वर्गाने समस्येचं मूल शोधलं.
एकाने तर बाजूला काढलंही, टोपडं घातलेलं.
दुसऱ्या वाक्याला खिडकीबाहेर पायलिंगचं मशीन सुरू झालं.
काळ बदलला, म्हणालो, कुणालाच ऐकू गेलं नाही.
मग माझं डोकं फिरलं
आणि मी ओरडलो.

रात्री वह्या घेऊन बसलो.
सानिकाने लिहिलं होतं: काळ बदलला.
माझ्या तोंडातलं तिनं परस्पर दुरुस्त केलेलं.
जयेंद्रने लिहिलं: काल बदलला.
ते मशीन उभं आहे तिथे यांची भातखाचरं होती,
पोराने तारीखच टाकली.
आणि यास्मिन तांबोळी, सोमवारीच दाखल झालेली,
ऐकलं तेच उतरवून मोकळी:
काय बदलला?
प्रश्नचिन्ह तिच्या पदरचं.

लाल पेन धरून बराच वेळ बसलो.
वेळ. वेल. वेय.
तिघांनाही बरोबरची खूण केली.
खाली सही केली, ळ जरा मोठाच काढला,
आणि आसपास कुणी नाहीसं बघून
सही मोठ्याने वाचली,
"भंगाये!"

आतून बायको म्हणाली,
"अहो, बघा बरं दारात, कोन हाका मारून राह्यलं."