पहिली खुंटी

नॅशुआत, नदीकाठच्या बंद कापडगिरणीत आमचं ऑफिस.
रात्री दीडला मी बत्तीस बिटांच्या एका जुन्या यंत्राची
वाटणी करत बसते.
खालचे तीन गिगाबाइट प्रोग्रॅमांचे,
वरचा एक कर्नलचा. मध्ये बांध,
इंचभरही इकडचा तिकडे नाही.

स्टॅकला आठ मेगाबाइट.
अंथरूण पाहून पाय पसर, म्हणते त्याला,
आणि अंथरूण संपतं तिथं एक कोरं पान ठेवते,
ठेच लागावी म्हणून.

मेमरी चार जणांपुरती, मागणारे नऊ.
मी नवांनाही हो म्हणते.
सगळे एकदम जेवायला येत नाहीत, या भरवशावर.
आले, तर कोणाला मारायचं ते कर्नल ठरवतो.
बहुधा सगळ्यात जाड्याला.

तळातली पासष्ट हजार पाचशे छत्तीस घरं मात्र
मी कोणालाच देत नाही.
एवढी जागा फुकट का घालवायची?
नव्या टेरन्सनं विचारलं, तोंडात बेगल.
म्हटलं, वाट चुकलेला नेमका शून्यावर येतो.
तिथं कोणी राहत असेल
तर चुकलोय हे त्याला कळणारच नाही.

पहाटे बूद्रोंच्या घरी परतते, जिना न वाजवता.
आले त्या संध्याकाळी दारामागच्या
पहिल्या खुंटीला कोट अडकवला होता मी.
म्हातारा काही बोलला नाही.
कोट काढून दुसऱ्या खुंटीला लावला,
आणि सूप गरम करायला गेला.

तिसरा हिवाळा चालू आहे.
अंधारात हात अजून आधी तिकडेच जातो.
लाकूड गार लागतं.